औद्योगिकीकरणापूर्वीच्या युरोपीय वस्त्रांचा अभ्यास कोठून सुरू करावा?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वस्त्रशास्त्राची पदवी हाती आहे, औद्योगिकीकरणापूर्वीच्या युरोपातील कापड आणि पोशाख यांच्या इतिहासाचा अभ्यास करायचा आहे, आणि त्यासाठी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून जुनी चित्रे जमवून त्यांतील पोशाखांचा कालानुक्रम लावायला सुरुवातही केली आहे. ही पद्धत बरोबर आहे का, आणि भारतात राहून हा अभ्यास कितपत होऊ शकतो?

या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच आशादायक आहे. त्याकडे शेवटी वळतो. पहिल्या भागाबद्दल मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. जमवलेली चित्रे फेकून देऊ नका, पण सध्या ती बाजूला ठेवा. जुन्या कापडांच्या जतनाचे आणि अभ्यासाचे काम मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ करीत आलो आहे आणि या काळात चित्रांवरून ठरवलेल्या तारखा जितक्या वेळा कोसळताना पाहिल्या तितक्या अन्य कोणत्याही पुराव्यावरच्या पाहिल्या नाहीत. चित्र पुरावा म्हणून वापरावे, पण प्रत्यक्ष कापड आणि समकालीन कागदपत्रे या दोघांची साक्ष झाल्यावर.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ग्रीनलंडमधले आहे. तेथील नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या) वसाहतीच्या हेर्योल्फ्सनेस येथील चर्चच्या दफनभूमीत डॅनिश पुरातत्त्वज्ञ पोल नॉरलुंड यांनी १९२१ साली उत्खनन केले. गोठलेल्या जमिनीत मृतांच्या अंगावर आणि अंगाभोवती गुंडाळलेले लोकरी झगे, लांब शेपटीच्या टोप्या आणि मोजे बऱ्याच चांगल्या अवस्थेत मिळाले. मध्ययुगीन युरोपातील सामान्य माणसांचे इतके कपडे एका ठिकाणी मिळणे ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. त्यांत एक उंच टोपी होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील बर्गंडी आणि फ्लँडर्सच्या चित्रांत दिसणाऱ्या टोप्यांशी तिचे साम्य आहे असे नॉरलुंड यांना वाटले, आणि त्यावरून निष्कर्ष निघाला की साधारण १५०० पर्यंत ही दूरची वसाहत युरोपच्या संपर्कात होती आणि तेथील फॅशन पाळत होती. कागदोपत्री या वसाहतीची शेवटची नोंद १४०८ सालच्या एका विवाहाची आहे. तेव्हा एका टोपीने वसाहतीचे आयुष्य जवळजवळ शंभर वर्षांनी वाढवले. पुढे त्याच टोपीच्या लोकरीचे रेडिओकार्बन मापन (किरणोत्सारी कार्बनवरून वय ठरवणे) झाले आणि ती कितीतरी जुनी निघाली. साम्य खरे होते किंवा नव्हते हा मुद्दाच नाही. आकाराचे साम्य म्हणजे काळाचे साम्य हे गृहीतकच चुकीचे होते.

चित्रकार कापड कसे रंगवत हेही लक्षात घ्यावे लागते. यान व्हान आयकने १४३४ मध्ये रंगवलेल्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रातील हिरव्या झग्यातील स्त्री गर्भवती आहे असे पाहणाऱ्यांना आजही वाटते. प्रत्यक्षात तिने भरपूर कापडाचा घोळ पोटाशी उचलून धरला आहे, आणि कापडाची ती उधळपट्टी दाखवणे हाच त्या झग्याचा हेतू होता. संत, देवदूत आणि बायबलमधील राण्या यांना चित्रकारांनी मुद्दाम जुन्या, परदेशी किंवा निव्वळ कल्पित पोशाखांत रंगवले. १५९० मध्ये व्हेनिसमध्ये चेझारे व्हेचेल्लिओचा देशोदेशींच्या पोशाखांचा प्रसिद्ध चित्रसंग्रह छापला गेला, पण त्यातले बरेच देश त्याने स्वतः पाहिलेले नव्हते. उलट आउग्सबुर्गच्या फुग्गर घराण्याचा हिशेबनीस माथेउस श्वार्त्स याने १५२० पासून चाळीस वर्षे स्वतःचीच नव्या नव्या कपड्यांतील चित्रे काढून घेतली आणि त्यांवर तारखा व वय लिहून ठेवले. अशी १३७ चित्रे ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात आहेत. चित्रांपासूनच सुरुवात करायची असेल तर अशा चित्रांपासून करावी, जेथे कोणी, केव्हा आणि काय घातले हे घालणाऱ्यानेच नोंदवले आहे. तरीही त्याच्या नोंदीत हिशेबनिसाची हौस आणि मिरवण्याची इच्छा आहेच.

आता प्रत्यक्ष कापडाकडे येऊ. येथे पहिला धडा असा की जे टिकले ते त्या काळातील कापडाचा नमुना नव्हे, तर केवळ जमिनीने, पाण्याने किंवा चर्चच्या पेटीने सोडलेले कापड असते. आम्लयुक्त दलदलीत लोकर आणि कातडे टिकतात, पण जवसाच्या खोडापासून काढलेल्या लिननचे आणि इतर वनस्पतिजन्य तंतूंचे पीठ होते; चुनखडीच्या जमिनीत बरेचदा उलटे घडते. इंग्लंडचे मेरी रोझ हे युद्धजहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले. त्यात कातडी आणि लोकरी कपड्यांचे भाग सापडले, पण अनेक कपड्यांची शिवण सुटलेली होती, कारण ते लिननच्या दोऱ्याने शिवले होते आणि तो दोरा समुद्राने खाल्ला होता. हे न जाणणारा अभ्यासक 'खलाशी लिननचे सदरे घालत नसत' असे सहज लिहून मोकळा होईल.

याच्या विरुद्ध दिशेचे उदाहरण ऑस्ट्रियातील पूर्व टिरोलचे आहे. लेंगबेर्ग किल्ल्याच्या दुरुस्तीत २००८ साली फरशीखालच्या भरावात कापडाचे २,७०० हून अधिक तुकडे निघाले. त्यांत पंधराव्या शतकातील लिननची अंतर्वस्त्रे होती, ज्यांची ठेवण आजच्या ब्रेसियरशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. तोवर अशा वस्त्राचा जन्म थेट एकोणिसाव्या-विसाव्या शतकात झाला असे छापले जात होते. चारशे वर्षांच्या त्या 'अनुपस्थिती'चा अर्थ एवढाच होता की अंतर्वस्त्रे कोणी चित्रात रंगवत नाही, मृत्युपत्रात क्वचितच लिहितो आणि फाटल्यावर चिंध्या म्हणून कागद बनवणाऱ्याला विकतो.

कापडाच्या तुकड्यांबद्दल आणखी एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात आखेनचा धर्मगुरू फ्रान्त्स बोक मध्ययुगीन चर्चवस्त्रांचे मोठे संग्रह करी आणि कात्रीने तुकडे करून ते वेगवेगळ्या संग्रहालयांना विकत असे. परिणामी एकाच रेशमी कापडाचे भाग आज अनेक शहरांत आहेत आणि काही वेळा त्यांच्या पाट्यांवर वेगवेगळी शतके लिहिलेली असतात. कापडाची पाटी वाचण्याआधी ते कापड संग्रहालयात कसे आले ती नोंद मागण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

तुकडा प्रत्यक्ष समोर आल्यावर काय पाहावे? डिझाइन शेवटी, धागा प्रथम. तंतू कोणता, धाग्याला पीळ कोणत्या दिशेचा (झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारखा की एस अक्षराच्या), एका सेंटिमीटरात ताण्याचे (मागावर लांबीने ताणलेले) धागे किती आणि बाण्याचे (आडवे विणलेले) किती, वीण साधी की तिरकस, काठ शिल्लक आहे का, शिवणीच्या भोकांची रांग कोठे आहे. हे सहा प्रश्न सोपे वाटतात. माझ्या सुरुवातीच्या काळातील एका कामात काठ नसलेला लोकरी तुकडा हाती आला आणि आम्हाला शिकवलेल्या नियमाप्रमाणे ज्या दिशेला धागे दाट ती दिशा मी ताणा ठरवली. त्यावरून इतर तुकड्यांशी तुलना केली आणि कोष्टके भरली. नंतर कळले की ग्रीनलंडच्या विणकरांच्या कापडात बरेचदा ताण्यापेक्षा बाणाच दाट असतो, तेव्हा हा नियम सार्वत्रिक नाही. सगळी कोष्टके पुन्हा करावी लागली. तेव्हापासून काठ नसेल तर मी 'पहिली दिशा' आणि 'दुसरी दिशा' असेच लिहितो.

धाग्यांत इतिहास किती नेमका साठलेला असतो याचा नमुना म्हणून चरख्याचे उदाहरण घ्या. युरोपात चरखा तेराव्या शतकात दिसू लागतो आणि त्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील श्पायर शहराच्या विणकर संघाने नियम केला की चरख्यावर कातलेले सूत बाण्यात चालेल, ताण्यात चालणार नाही. कारण उघड आहे: ताण्यावर मागाचा ओढ सतत पडतो आणि त्या काळच्या चरख्याचे सूत हाताने टकळीवर कातलेल्या सुताइतके मजबूत आणि सारखे नव्हते. म्हणजे एकाच कापडात दोन तंत्रे एकाच वेळी नांदत होती. आपल्या संदर्भसाहित्यात 'चरख्याने टकळीची जागा घेतली' असे एका ओळीत लिहिलेले आढळेल. श्पायरच्या विणकरांनी ते मान्य केले नसते.

लोकरी कापडाच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. उत्तम प्रतीचे मध्ययुगीन लोकरी कापड मागावरून उतरल्यावर ओले करून तुडवले किंवा पाणचक्कीच्या हातोड्यांनी बडवले जाई, त्यामुळे ते आटून दाट होई. मग टीझल नावाच्या काटेरी फुलांनी त्याचे रोम वर ओढून लांब कात्रीने ते समतल कापले जात. अशा कापडाची वीण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि संग्रहालयाच्या जुन्या नोंदवहीत त्याला चक्क 'नमदा' म्हटलेले असते. सणगर विणकरांचे घोंगडे ज्याने हातात घेतले आहे त्याला लोकरीचे विणलेले कापड आणि दाबून बनवलेला नमदा यांतला फरक बोटांनी कळतो. मला स्वतःला तो तेथेच कळला, युरोपात नव्हे.

रंगांच्या रासायनिक तपासणीचे आकर्षण मोठे आहे, पण तिच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नका. युरोपातील वोड या वनस्पतीचा निळा रंग आणि भारतातून आलेली नीळ यांतील रंगद्रव्य एकच, इंडिगोटिन. पवित्र रोमन साम्राज्याने १५७७ मध्ये परदेशी निळीवर बंदी घातली आणि तिला सैतानाचा रंग म्हटले, कारण वोड पिकवणाऱ्यांचे उत्पन्न धोक्यात आले होते. पण त्यानंतरच्या एखाद्या निळ्या कापडात बंदी पाळली गेली की नाही हे केवळ इंडिगोटिन सापडल्याने ठरत नाही. लाल रंगातही असेच. कार्मिनिक आम्ल हे रंगद्रव्य सापडले म्हणजे मेक्सिकोचे कोचिनील (किड्यांपासून काढलेला लाल रंग), म्हणून कापड १५२० नंतरचे, असा सरळ हिशेब करणारे लेख मी पाहिले आहेत. पोलंड आणि आर्मेनिया या भागांतील किड्यांपासूनही कार्मिनिक आम्ल मिळते. इतर गौण घटकांचे प्रमाण पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. रंगाऱ्यांचे प्रत्यक्ष व्यवहार समजण्यासाठी १५४८ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेले जोव्हानव्हेंतुरा रोसेत्तीचे रंगकामाचे पुस्तक पाहावे. तुरटी किती आणि पाणी कोणते याची अशी चर्चा प्रयोगशाळेच्या अहवालात मिळत नाही.

तिसरा आधार कागदपत्रांचा, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित. तस्कनीतील प्रातो शहराचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी १४१० मध्ये वारला. त्याच्या घरात दडलेली सुमारे दीड लाख पत्रे आणि शेकडो हिशेबवह्या १८७० मध्ये उजेडात आल्या. लोकर कोठून घेतली, कोणाकडून कातून घेतली, कोणत्या रंगाऱ्याने किती घेतले, हे सगळे त्यांत आहे. फ्लोरेन्समध्ये १३४३ ते १३४५ या काळात स्त्रियांचे निषिद्ध ठरलेले कपडे नोंदवून त्यांवर शिक्का मारण्यात आला. ती नोंदवही म्हणजे शब्दांत लिहिलेली शेकडो वस्त्रे होत. कायद्यांचे वाचन मात्र जपून करावे. इंग्लंडच्या १३६३ च्या पोशाख-नियमनात चाळीस शिलिंगांहून कमी मालमत्ता असणाऱ्या शेतमजुरांनी कोणते जाडेभरडे कापड वापरावे हे सांगितले आहे. तो कायदा दोनेक वर्षांच्या आत मागे घेतला गेला. कायदा लोक काय घालत होते हे सांगत नाही. सत्ताधाऱ्यांना कशाचा राग येत होता हे सांगतो.

कागदपत्रांतील शब्द हा वेगळाच विषय आहे. मध्ययुगीन हिशेबांतील 'स्कार्लेट' हा मुळात रंग नसून अतिशय महाग लोकरी कापडाचा प्रकार होता आणि ते कापड इतर रंगांतही मिळे. 'रसेट'चेही तसेच: एकीकडे तपकिरी-करडा रंग, दुसरीकडे गरिबांचे जाडे कापड. मापांचा गोंधळ त्याहून वाईट. एल हे कापड मोजण्याचे जुने माप; इंग्रजी एल ४५ इंचांचा, फ्लेमिश एल २७ इंचांचा. एकाच जहाजाच्या कागदांत दोन्ही येऊ शकतात. 'दहा एल कापडाचा झगा' वाचून त्याचा घेर काढायला बसलेल्या विद्यार्थ्याने आधी ते कोणाचे एल हे विचारले नाही, तर घेर दीडपटीहून अधिक चुकतो.

शब्द आणि कापड एकत्र मिळण्याची एक जागा आहे आणि तिच्यावर मी अधिक वेळ घालवतो, कारण ती आपल्याला विशेष उपयोगी पडेल. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने १७४१ पासून आयांनी सोडून दिलेली बाळे घेण्यास सुरुवात केली. आईचे नाव लिहीत नसत. ती कधी परत आली तर बाळ ओळखता यावे म्हणून बाळाच्या किंवा आईच्या कपड्याचा एक तुकडा दाखल्याच्या कागदाला टाचत आणि त्याचे वर्णन लिहीत. १७६० पर्यंतचे असे सुमारे ५,००० तुकडे आज लंडनच्या अभिलेखागारात आहेत. अठराव्या शतकातील गरीब स्त्रियांच्या रोजच्या कपड्यांचा इतका मोठा संग्रह इंग्लंडमध्ये दुसरा नाही, आणि प्रत्येक तुकड्याला तारीख आहे. ते तुकडे पाहताना हात थोडा थांबतो हे खरे, पण अभ्यासाचे काम करायचे तर पुन्हा धागेच मोजावे लागतात.

त्यांत छापील फुलांची कापडे बरीच आहेत. आता कायदा आठवा: भारतातून येणाऱ्या छापील कापडांमुळे लोकर आणि रेशीम विणणारे संतापले होते, म्हणून इंग्लंडने १७०० मध्ये आशियाई छापील कापडांच्या वापरावर आणि १७२१ मध्ये बहुतेक सर्व छापील सुती कापडे घालण्यावर बंदी घातली, फ्रान्समध्ये अशी बंदी १६८६ ते १७५९ अशी चालली. मग १७४० आणि १७५० च्या दशकांत अनाथ बाळांच्या अंगावर फुलाफुलांचे कापड कसे? भिंगाखाली पाहिले की उत्तर मिळते. त्यांतील अनेकांचा ताणा लिननचा आणि फक्त बाणा कापसाचा आहे, आणि असे मिश्र कापड छापण्यास १७३६ च्या कायद्याने स्पष्ट परवानगी दिली होती. चित्रात पूर्ण सुती आणि मिश्र हे दोन्ही कापडप्रकार सारखेच दिसतील.

येथेच भारतात राहणाऱ्या अभ्यासकाचा वाटा सुरू होतो. युरोपीय भाषांतील 'चिंट्झ' हा शब्द आपल्या छीट शब्दाचा भाऊ, 'कॅलिको' कालिकतवरून आला, आणि 'डंगरी' हे जाड्या सुती कापडाचे नाव मुंबईच्या डोंगरीवरून. पण शब्दांच्या व्युत्पत्तींवर समाधान मानू नये. आपल्याकडे आजही हाताने कातलेला कापूस, ठशांची छपाई, तुरटी देऊन लाल चढवण्याची रीत प्रत्यक्ष पाहता येते. युरोपातील बहुतेक अभ्यासकांना ती फक्त वाचून माहीत असते. बोलिउ नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १७३४ मध्ये पुदुच्चेरीत कलमाने रंगवलेल्या कापडाच्या कृतीची नोंद केली आणि प्रत्येक टप्प्यावर कापडाचा तुकडा कापून जोडला. ते हस्तलिखित पॅरिसमध्ये आहे. छपाईच्या कारखान्यात एक महिना घालवलेल्या मराठी विद्यार्थ्याला त्या नोंदीतला कोणता टप्पा गाळला गेला आहे हे पॅरिसच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर दिसेल.

व्यवहाराचे थोडेसे. भाषा एकच निवडा. इंग्रजीच्या आधारावर इंग्लंडचा अभ्यास करता येईल, पण फ्लँडर्स किंवा इटलीवर काम करायचे असेल तर फ्रेंच, डच अथवा इटालियन शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. जुने हस्ताक्षर वाचण्याचे प्राथमिक धडे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने महाजालावर विनामूल्य ठेवले आहेत. विणीच्या पारिभाषिक शब्दांसाठी १९५४ मध्ये लियोंमध्ये स्थापन झालेल्या सिएटा या जुन्या कापडांच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बहुभाषिक शब्दावल्या वापरा. स्वतःचे शब्द बनवू नका, नाहीतर तुमचे वर्णन दुसऱ्याला उपयोगी पडणार नाही. परदेश प्रवास एकदाच जमणार असेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे २०२५ मध्ये उघडलेले पूर्व लंडनमधील भांडार गाठा: आगाऊ नोंदणी केल्यास तेथे संग्रहातील वस्तू आपल्यासमोर आणून दाखवतात. जाण्यापूर्वी घरी किमान एक शेर लोकर स्वतः विंचरून टकळीवर काता. सूत वाईट निघेल. तरीही एक झगा विणायला किती लोकांच्या किती दिवसांचे कातकाम लागले असेल याचा अंदाज त्याशिवाय कधीच येत नाही.

आपण जमवलेल्या चित्रांतील एकच चित्र आता परत काढा, शक्यतो असे की ज्यावर तारीख आहे आणि रंगवलेली व्यक्ती कोण हे ठाऊक आहे. त्याच शहरातील त्याच दशकाची एक मालमत्तायादी आणि एक उरलेला कापडाचा तुकडा शोधा. तिघांची नोंद एका पानावर तीन रकान्यांत करा आणि प्रत्येकात या ओळी ठेवा: तंतू, वीण, रंग, माप, किंमत, नाव. बऱ्याच जागा रिकाम्या राहतील. त्या चित्रातल्या माहितीने भरू नका. आणि तुकड्याला काठ नसेल तर विणीच्या नोंदीत ताण्याऐवजी 'पहिली दिशा' एवढेच लिहा.